खराट्याची काडी

६ मार्च
देवणीहून व्याही आला. चहा पिऊन झाल्यावर तोंड उघडलं. "सुंदराला दुसरं ठिकाण आलंय. काडीमोड करून द्या."
म्हणलं, नवरा जेलात, काडी कोण मोडंल? मी, माझ्या दातानं?
तर म्हणे, "लेकाला भेटाया जाताच की विहीणबाई. संगं न्या काडी. त्याच्या हातानं मोडलेली पंच मानतील."
शहाणा लई. पर खोटं न्हाई बोलला. टँकरपाशी माझ्या महादूनं घागर घातली एकाच्या डोक्यात. तो मेला, ह्याला सजा. सुटंल तवर सुंदराचे केस पिकतील. ती तर त्या दिशी रांगेत बी नव्हती.

१३ मार्च
उद्या नांदेड. लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आला, हलग्या वाजल्या. नळाला पाणी न्हाई अन् महादूला ठिवाया जेल न्हाई. म्हणून यष्टीत ओकत नांदेडला जायचं.
काडी हुडकली. बैल इकले तवाच कडबा सरला, घरात चिपाड न्हाई. खराट्यातली उपसली. संसारच झाडायचाय, चालंल.

१४ मार्च
झडतीला शिपाई म्हणला, "आज्जी, हे काय?"
"सुनेचा काडीमोड."
हसला. मंग न्हाई हसला. काडी परत दिली.
महादू वाळलाय. पहिलं इचारलं, टँकर येतो का. ज्याच्यापायी आत गेला त्याचीच खबर पायजे. मंग पोरीचं, पारूचं इचारलं. मंग मी काडी जाळीतनं सारली अन् सांगितलं. मोड म्हणलं.
"हे तिचं म्हणणं का तिच्या बापाचं?"
"तुला काय करायचं? मोड."
"तिच्या तोंडानं ऐकल्याबिगर न्हाई मोडत."
तिला काय तुझी दाढी बघाया आणू हितं? तर त्या काडीनं कान कोरीत बसला माझ्यासमोर. मंग खिशात घातली. येळ संपला.
सहा तास यष्टी. कान कोराया.

१९ मार्च
सुंदरा माहेरातनं आली पारूला बघाया. पोरीची येणी घालीत व्हती, तवा मी इचारलं, जेलात येतीस का एकडाव, त्याला सांगाया?
"न्हाई आत्याबाई. त्यांचं तोंड बघितलं की माझ्यानं बोलणं व्हणार न्हाई."
"पर जायचंय ना तुला?"
"जायचंय." येणीला गाठ मारून म्हणली. ते लोक पारूला घेणार न्हाईत, हे सांगताना रडाया लागली. म्हणलं, रडू नको, पाणी महाग हाय. पारू माझ्याजवळ ऱ्हाईल.
मंग खाली बघूनच तिनं इचारलं, "मोडली का त्यांनी?"
म्हणलं, "हाव. मोडली."
आत गेले. खराट्यातली दुसरी घेतली, मोडली, दोन्ही तुकडे तिच्या पदरात टाकले. पाया पडली. नको तवा पाया पडत्यात.

४ एप्रिल
सुंदराचा त्या दुसऱ्या ठिकाणी पाट लागला, उदगीरकडं. मी गेले न्हाई. पारूला सांगितलं, आई कामाला गेली. कुठं? लांब. बाप बी लांबच हाय तिचा. पोरगी म्हणली, मंग दोघं एकाच गावात आसतील.
थोबाडीत द्यावी वाटली. भाकर दिली.

१५ एप्रिल
नांदेड. सांगायचंच असं ठरवून गेले व्हते.
महादू दाढी करून, केस ओले करून आला. कुणाच्या हिश्श्याचं पाणी घेतलं देव जाणे. माझ्या मागं बघाया लागला, दारापतुर.
"आली का ती?"
म्हणलं, पारूचा दात पडला.
"माय, मी तिचं इचारतोय."
म्हणलं, म्होरचा. वरचा.
मंग मलाच समजावीत बसला, "भीत आसंल गं. पुढल्या बारीला घेऊन ये. म्या काय खातो का तिला?"
मी मान हलवली. हाव म्हणून हलवली का न्हाई म्हणून, मला बी सांगता येत न्हाई. त्यानं हाव समजलं. जाताना हसला.