तिसरी पुकार

१ नोव्हें., शनि.
डॉक्टर म्हणाले, आजी, तुम्ही विसरायला लागलात, रोज घडलेलं कुणाला तरी सांगत जा. मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात लिहिते. नात म्हणजे रिबेका. वय सव्वीस. सुप्याच्या कारखान्यात माल तपासते, कंपनीच्या बसनं संध्याकाळी केडगावला घरी येते आणि चहाच्या आधी मूठभर बडीशेप खाते.
"लिही, बडीशेप खाते."
पेन थांबलं.
माझा बाप नेवाशाकडं ओढ्यात दारूची भट्टी लावायचा. पोलीस दिसले की शेळ्या हाकल्यासारखं ओरडायचं, हे माझं काम. तो वास मला बडीशेपेतूनही कळतो.
(हे मी लिहिणार नव्हते. – रि.)
लिहिलंस ना? मग झालं.

२ नोव्हें., रवि.
चर्चला. आज पहिली पुकार. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार नावं पुकारतात आणि विचारतात, कुणाची हरकत आहे का. पाळकसाहेबांनी रिबेकाचं नाव घेतलं, सावेडीच्या मुलाचं घेतलं, हरकत विचारली. नेमका तेव्हाच मला खोकला आला. सगळं चर्च वळून माझ्याकडं बघायला लागलं. शमुवेल तर, माझा मुलगा, रिबेकाचा बाप, घामाघूम.
मी हात हलवून सांगितलं, खोकला आहे, खोकला.
रिबेका हसली नाही. एरवी अशा गोष्टीला तोंडात ओढणी कोंबून हसते.

५ नोव्हें., बुध.
काल सांगितलं ते वाचून दाखव म्हटलं. वाचलं. मटार महाग, शेजारच्या कुत्रीला चार पिल्लं, शमूचा गुडघा.
"आणि तू जिन्यात भिंतीला धरून चढलीस ते?"
"ते लिहिलं नव्हतं."
"मला वाचता येत नाही, ऐकता येतं."
मग लिहिलं. काल रि. जिना भिंतीला धरून चढली. बापाला म्हणाली, चक्कर, कामाचा ताण. ताण खोटा नाही. साहेब रोज मालाचा आकडा वाढवतो. पण ताणाला असा वास येत नाही.
शमूला कळत नाही. बायको गेल्यापासून त्याला मुलीचं काहीच कळत नाही, फक्त काळजी कळते.

८ नोव्हें., शनि.
रिबेकाची मैत्रीण मनीषा आली. पारनेरकडची, हिच्याच कारखान्यात, सुप्यात खोली करून राहते. गाडीवर पिशवीभर सीताफळं घेऊन आली. ओट्यावर बसून फोडली. एकेक बी काढून नुसता गर रिबेकाच्या वाटीत. माझ्या वाटीत बियांसकट.
"का गं, मला दात नाहीत ते दिसत नाहीत का?"
पोर लाजली. कानापर्यंत.
माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात माझ्यासाठी एक बी काढली नाही. हे असंच सांगितलं. त्यावर काही म्हणायचं नाही.
जाताना मनीषानं विचारलं, लग्नाची साडी घेतली का. चांगल्या आवाजात विचारलं. गाडीला तीनदा किक मारली, चालूच होईना. बटणानं चालू होते ती गाडी, हे रिबेकानं मागून सांगितलं.

९ नोव्हें., रवि.
दुसरी पुकार. मी खोकले नाही. खडीसाखर तोंडात धरून बसले होते.
दुपारी मटण केलं होतं. रिबेका जेवायला उठली नाही. शमू म्हणाला झोपू दे. मी काठीनं पलंगाखाली ढोसलं, तर बाटली घरंगळत बाहेर. अर्ध्याच्या खाली.
ओरडले नाही. या वयात ओरडलं की मलाच धाप लागते.
(हे सोमवारी लिहिलं. – रि.)

१० नोव्हें., सोम.
करार केला. बाटली माझ्या ट्रंकेत. ट्रंकेत माझी पांढरी साडी आहे, मेल्यावर पेटीत झोपवताना नेसवायची. तिच्या घडीखाली बाटली. किल्ली माझ्या कमरेला. हवी तेव्हा मागायची. देईन. कारण विचारणार नाही.
"फेकून का देत नाहीस?"
"सुप्यात दुकानं काय कमी आहेत?"

११ नोव्हें., मंगळ.
किल्ली मागितली. दिली. आपलं पेलाभर घेऊन समोर येऊन बसली. मग मीच विचारलं, किल्लीचं नाही, मुलाचं.
"सावेडीवाला वाईट आहे का?"
"नाही गं. चांगला आहे."
"मग?"
"आजी, मला मनीषा आवडते."
"मलाही आवडते. बिया काढायला शिकली पाहिजे."
"तशी नाही. तुला आजोबा आवडायचे ना, तशी."
"मला आजोबा आवडायचे असं तुला कोण म्हणालं?"
हसली. खूप हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. शाई फुटली आहे पानावर. शमू पंप सोडायला खाली गेला होता, बरं झालं.
मग सांगितलं. पाहुणे बघायला आले तेव्हा न्हाणीघरात दोन घोट घेऊन बाहेर आली होती. प्यायलं की हो म्हणता येतं, म्हणाली. म्हटलं, मग होकार तू दिलास का बाटलीनं?
पेला तसाच राहिला, अर्धा. मी जास्वंदीला घातला. जास्वंद बघू काय करते.
मला काय वाटलं ते विचारते. काय वाटायचं. ऐंशीच्या पुढं गेलं की आश्चर्याला जागा उरत नाही, गुडघ्यांनीच सगळी अडवलेली असते. गावात दोघी बाया एका चुलीवर राहायच्या. लोक म्हणायचे बहिणी. बहिणी नव्हत्या. लोकांनाही माहीत होतं.

१४ नोव्हें., शुक्र.
रिबेका म्हणते, "आजी, रविवारी तू उठ ना. तू म्हातारी, तुला कोण काय बोलणार?"
"कुणी बोलणार नाही, म्हणूनच उठायचं नाही. म्हणतील, म्हातारी विसरते हल्ली. पुन्हा खोकला आला असेल. आणि पुढचं गाणं सुरू."
"मग पप्पांना तू सांग."
"काय सांगू? लग्न माझं आहे का?"
रागावली. रागावून लिहिलं की काना-मात्रा सुटतात म्हणे. सुटू दे.
किल्ली मागितली नाही. रागानं असेल.
मनीषाचा फोन दोनदा वाजला, दोन्हीदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला आणि गच्चीत गेली.

१५ नोव्हें., शनि.
शमूनं मांडववाल्याला बोलावलं. लाल का पांढरा कपडा यावर अर्धा तास. रिबेकाला विचारलं, ती म्हणाली, काहीही चालेल. मुलगी काहीही चालेल म्हणते तेव्हा तिला काहीच चालत नसतं. हे बापाला कुणी शिकवायचं.
किल्ली मागितली. हात पुढं केला आणि मागं घेतला.
"उद्या शुद्धीत असायचंय," म्हणाली.
 

१६ नोव्हें., रवि.
आज मनीषा लिहिते आहे. रिबेका आत आहे.
तिसरी पुकार. पाळकसाहेबांनी नावं घेतली, हरकत विचारली, आणि पुस्तक मिटायला लागले. कुणी उठत नसतंच ना. माझ्या शेजारचा बाक करकरला.
रिबेका उभी. माझी काठी धरून उभी होती, मी कधी दिली आठवत नाही.
"हरकत आहे," म्हणाली.
"कुणाची, बेटा?"
"माझीच. मी दिलेला होकार खरा नव्हता. मुलाची काही चूक नाही."
एवढंच. मनीषाचं नाव घेतलं नाही. सगळं एकाच दिवशी कशाला.
बायका माझ्याकडं वळल्या. यावेळी मी खोकले नव्हते. सावेडीवाला खाली बघत होता. मला तर तो सुटल्यासारखा वाटला, पण मला लांबचं दिसत नाही. त्याची आई मात्र दिसली. शमू गाण्याचं पुस्तक धरून उभा होता, बाकीचे बसले तरी उभाच.
घरी कुणी जेवलं नाही. शमूनं एकच विचारलं, "का?" रिबेका म्हणाली, "सांगते पप्पा, थोडा वेळ द्या." तो ओट्यावर जाऊन बसला. तिथंच आहे. मगाशी मनीषा आली तर तिला म्हणाला, "ये. आत आहे." त्याला ती रिबेकाची कोण ते माहीत नाही. का माहीत आहे, कुणास ठाऊक. अजून तरी "ये" म्हणाला.
रिबेकानं आत्ता किल्ली मागितली. कारण विचारायचं नाही असं ठरलेलं. दिली.
ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बंद झाल्याचा अजून नाही.
मनीषा पेन धरून दाराकडं बघते आहे.
"इकडं बघ गं. लिही."