गोडसर वास

३ तारीख
आज रुजू झालो. हृदयाचं मोठं रुग्णालय, आणि बायपासआधी पेशंटांच्या छातीवरचे अन् पायांवरचे केस काढायचं काम माझं. बसायला स्वतंत्र खोली, खिडकीसकट! हे काम मला कोणी शिकवलं नाही, बघून बघून हात बसवला. आज त्याला तोड नाही. मोठ्या सिस्टरांनी केस कापायचं यंत्र दिलं. वस्तरा-ब्रश अजिबात नको, कातडीवर बारीक चिरा पडतात आणि तिथून जखम चिघळते, म्हणाल्या. मान डोलावली. पण यंत्राने खुंट राहतात हो! पहिले पेशंट एक ड्रायव्हरकाका. पडद्याआड त्यांना साबणाचा फेस लावून वस्तरा एकदा सुलटा, एकदा उलटा फिरवला. छाती आरशासारखी. माझा ब्रश लग्नाआधीपासूनचा. बायको त्याला सवत म्हणते. काम झालं की पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट.

९ तारीख
ड्रायव्हरकाकांच्या पट्टीवर हिरवट डाग. वास गोडसर, उतरलेल्या द्राक्षांसारखा. हा जंतू ओलाव्यात पोसतो, मूळ शोधा, असं सिस्टरांनी सगळ्यांना बजावलं. माझा संशय सफाईवाल्यावर. त्याचं फडकं कधी वाळलेलं पाहिलं नाही. तसं सुनावलं, तर म्हणतो, मामा, आधी स्वतःच्या नाकाखाली बघा.

१४ तारीख
परवा मीच साफ केलेल्या एक शिंपीणबाई, त्यांचा पायही तसाच. फडकं तपासलं, निर्दोष निघालं. मग सिस्टर? सगळ्या जखमांना हात त्यांचाच लागतो. आणि सामान तपासायला आल्या माझं! यंत्र दाखवलं, कोरं करकरीत. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

१९ तारीख
ड्रायव्हरकाका गेले. विष छातीच्या हाडापर्यंत —
वास आता जिन्यातही येतो. जेवताना येतो. माझ्या बाहीला येतो. कोणीतरी माझ्या मागोमाग फिरतंय.
उद्या आमच्या दादाचा बायपास. वहिनी म्हणाली, भावजी, तुम्ही इथे आहात म्हणून मी निर्धास्त. दादाला दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही.

२० तारीख, सकाळ
दादाची छाती मीच केली, माझ्याच ब्रश-वस्तऱ्याने. दोनदा. लहानपणी माझ्या डोक्यावर हात साफ केलास, आता छातीवर, म्हणून हसला. हसताना हलला. बारीक चीर. रक्ताचा एक थेंब, पुसला.
आत नेलं त्याला.

त्यानंतर
खोलीत मी एकटाच. दार बंद. तरी वास आहे —
सफाईवाला नाही इथे. सिस्टर नाहीत. बेसिन हुंगलं. टॉवेल हुंगला. मग डबा —
झाकण आतून ओलं. ब्रशचे केस फाकवले. मुळाशी हिरवट —

दारापर्यंत गेलो. परत आलो. आत्ता सांगितलं तर औषध वेळेवर — पण मग ड्रायव्हरकाकांचं — शिंपीणबाईंचं —
माझा हात. माझाच —
बाहेर वहिनी. दार वाजवतेय. विचारतेय, भावजी, तुमच्या खोलीतून हा गोड वास कसला —