नळीचा घसा

प्रिय शेखर,

रविवारी तुझा सत्कार, म्हणून क्लबात रंगरंगोटी चालली आहे. इथलं शस्त्रागार आता मी सांभाळते, हे तुला कुणी कळवलं नसेल. विंचूरला संसार करता करता पुण्याला जाऊन मी रायफल दुरुस्ती रीतसर शिकून घेतली. नेमबाजी सुटली, तेलाचा वास सुटला नाही.

राज्य निवडीच्या आधी तू माझी रायफल साफ करायला मागून नेलीस. आपलं लग्न ठरल्यात जमा होतं, मी आनंदाने दिली. एरवी तीनशे मीटरवर माझ्या गोळ्या एका बशीखाली झाकल्या जायच्या. निवडीच्या दिवशी लक्ष्यभर विखुरल्या. मी स्क्रू आवळून पाहिले, काडतुसं बदलली, काही फरक पडेना. खांद्यावर हात ठेवून तू म्हणालास, "नळीत काही नाही, उज्वला. तुझं मनच डळमळतंय." संघात बायका-पुरुष मिळून जागा एकच होती. ती तुला मिळाली, तिच्यावर नोकरी मिळाली, आणि आपलं लग्न तुझ्या घरच्यांना एकाएकी नकोसं झालं.

मी तुझं खरं मानलं. इतकं, की पाहुण्यांसमोर चहाचा कप धरतानाही हाताकडे बघायची. वणीला माझे आबा मुलीचं काळीज कच्चं निघालं असं लोकांकडून ऐकत राहिले आणि तेच ऐकत गेले.

मागच्या महिन्यात, तेव्हापासून पडून असलेली ती रायफल खोलली. नळीत बारीक कॅमेरा घातला. काडतुसाच्या पुढे, गोळी जिथून आट्यांत, म्हणजे नळीतल्या पीळदार खाचांत शिरते, तो घसा सुकलेल्या तळ्यासारखा भेगाळलेला. आट्यांची सुरुवातच जळून गेलेली. असा घसा हजारो गोळ्या झाडल्यावर होतो, आणि माझी रायफल तर नवी होती. दस्त्याचं लाकूड उतरवलं. नळीच्या पोटाशी तुझ्या रायफलचा नंबर. मग इथेच शस्त्रागारात राहिलेली तुझी जुनी खोलली, तिच्यात माझी नळी. दोन्ही एकाच बनावटीच्या, चार स्क्रू काढले की अदलाबदल. तुला किती वेळ लागला असेल रे?

आधी बरं वाटलं. मग राग आला. माझी नळी घासून, तांब्याचा थर काढून पुन्हा माझ्या रायफलवर चढवली, तिला मानवतील ती काडतुसं शोधली आणि मैदानावर आडवी झाले. गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या. हात जराही हलला नाही.

समितीची इच्छा आहे की सत्कारानंतर तू तुझ्या जुन्या रायफलने नेम धरून दाखवावास. ती मीच तयार केली आहे, तुझी मूळ नळी घालून. तुला इजा होणार नाही, हे तपासलंय. समोर मुलं असतील, वार्ताहर असतील, तुझी बायको असेल. गोळ्या कुठेही जातील. नळी खराब आहे असं तू सांगू शकतोस, मग ती माझ्या रायफलवर कशी आली तेही सांग. नाहीतर वयाचं कारण दे आणि खाली मान घालून मैदानावरून निघून जा. आजारी पडू नकोस, दोन्ही नळ्या समितीपुढे ठेवायला मला रविवारच लागतो असं नाही. काय करायचं ते तू ठरवावंस, एवढ्यासाठीच आधी लिहिलं.

एके काळी तुझीच,
उज्वला