'झालंच की' म्हणजे झालं नव्हे

कोल्हापूर, शुक्रवार

चि. नृसिंह यास,

आक्काचे अनेक आशीर्वाद. गगनबावड्याच्या ओलीत तुझा गुडघा कसा आहे? (तेल चोळतोस का, हे विचारत नाही. उत्तर माहीत आहे.) मी शरीराने ठीक आहे. फोनवर तू नुसतं "बघतो" म्हणतोस, म्हणून हे पत्र एस.टी.च्या केरबा कंडक्टरच्या हाती धाडते आहे.

आपली भाची अवंतिका हिने सॉफ्टवेअरचं ऑफिस काढलं आणि चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या मला शिस्तीसाठी बोलावून घेतलं, हे तुला ठाऊक आहेच. दूध संस्थांसाठी प्रोग्राम करतात. पाच मुलं आणि मी. पद्धतीचं नाव 'अजाईल', म्हणजे चपळ. थोडं करा, दाखवा, चुका सुधारा, पुन्हा करा. तत्त्व उत्तम आहे. वह्या तपासताना मी दुसरं काय करत होते? रोज दहाला सगळ्यांनी पंधरा मिनिटं उभं राहून सांगायचं: काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय. उभं अशासाठी, की पाय दुखले की बोलणं आटपतं. इथे पाय दुखले की खुर्ची ओढतात आणि बसलं की चहा मागवतात. मी खुर्च्या बाहेर काढल्या. मग कोडोलीचा राजवीर टेबलावर बसला.

पण खरं दुखणं एका शब्दाचं आहे. फळ्यावर तीन रकाने: करायचं, चालू, झालं. कामाची चिठ्ठी एकातून दुसऱ्यात सरकते. राजवीरला विचारलं, फॅटवरून दुधाचा दर काढणं झालं का? "झालंच की, मॅडम." चिठ्ठी तिसऱ्या रकान्यात. उघडून बघते तर म्हशीच्या दुधाला गायीचा दर. म्हणाला, "झालं म्हणजे, हुतंय की आता." तेजस्वीचं 'झालं' म्हणजे उद्या सुरू करणार. अडथळा विचारावा तर पाचही जण "काय न्हाय की." या गावात अडचण कबूल करणं म्हणजे कुस्तीत पाठ टेकणं. शेवटी मी फळ्यावर व्याख्याच लिहिली: दुसऱ्याने तपासून सही केली, तरच झालं.

दर पंधरवड्याला मागे वळून पाहायची बैठक असते. काल मी म्हटलं, तोंडाने सांगवत नसेल तर नाव न घालता अडथळा कागदावर लिहा. पाच कागद आले. पाचांवर एकच शब्द: मॅडम. (एकाने 'म्याडम' लिहिलं होतं, ते मी लाल पेनाने दुरुस्त केलं.) आजवर त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच. अवंतिका म्हणाली, "मावशी, अडथळे दूर करायचं काम तुझंच आहे ना?"

सोमवारी गडहिंग्लजच्या एका संस्थेत प्रोग्राम दाखवायचा आहे. त्यांनी नको म्हटलं तर अवंतिका ऑफिसला कुलूप लावणार. मला आशा नाही. राजीनामा देते आहे.

तुझी,
मीनाक्षीआक्का

ता. क. त्या तिसऱ्या रकान्यात माझीही एक चिठ्ठी आहे: 'संस्थेच्या सचिवांसाठी माहितीपुस्तिका'. तू बावीस वर्षं दूध संस्थेचा सचिव होतास. रविवारच्या गाडीने केरबाकडे अठरा पानं लिहून पाठव, सुवाच्य. माझं मुखपृष्ठ तयार आहे.

पुन्हा ता. क. मंगळवारी चिठ्ठी सरकवली तेव्हा अवंतिकाने "झालं का?" विचारलं. मी काय म्हणाले, ते तू ओळखशील. तपासल्याची सही राजवीरने केली, एकही पान न मागता. मुलगा वाईट नाही.

राजीनाम्याचं म्हणशील, तर हुतंय की.