खिडकीतला बेअक्कल कोळी

७ सप्टेंबर, रविवार
ही डायरी आषाढातच सुरू करायची होती. मग पेन नव्हता, मग मूड नव्हता, मग उदगीरला दोस्ताच्या डीजेसोबत गेलो तो महिनाभर तिथंच राहिलो. असो. मोठ्या कामाला टाइम लागतो.
सध्या अहमदपूरला अक्काकडे. मागच्या खोलीच्या खिडकीत एक कोळी आहे. त्याच्या पोटावर पांढरी अळी चिकटलीय. गांधीलमाशीचं पोर. हे मला एसटीत शेजारी बसलेल्या सिंधु मॅडमनी शिकवलं. नांदेडच्या कॉलेजात त्या कोळ्यांवरच रिसर्च करतात. अळी कोळ्याचं रक्त पिते, आणि शेवटी त्याच्याचकडून वेगळं, दणकट जाळं विणून घेते. स्वतःसाठी. मग त्याला खाऊन त्या जाळ्यात कोश करून आरामात लटकते. विणतानाचा व्हिडिओ आणलास तर फील्ड असिस्टंट म्हणून घेते, म्हणाल्या.
नाही आणला तर दाजींच्या सरकी पेंडीच्या दुकानात बसायचं, हे अक्कानं ठरवून टाकलंय. दाजी म्हणजे गुंडप्पा. पेंड सोडून जगात काही आहे हे त्यांना माहीत नाही.

९ सप्टेंबर
निरीक्षण केलं. इतका बेअक्कल प्राणी पाहिला नाही. अंगावर दुसऱ्याचं पोर बसून रक्त पिऊन राहिलंय, आणि हा रोज इमानदारीत जाळं टाकून राहिला. वर त्याला वाटत असणार, सगळं आपण आपल्या मर्जीनं करतो.

११ सप्टेंबर
संकट. अक्कानं दसरा काढायला घेतला. म्हणजे घट बसायच्या आधी घरातली वाकळ न् वाकळ धुवायची, कोपरा न् कोपरा झाडायचा. केरसुणी घेऊन ती माझ्या खिडकीकडेच निघाली. मी आडवा गेलो. तर म्हणे, "मंग तूच काढ त्या खोलीचा दसरा. मी पाय बी ठेवत न्हाई तिथं."
फसली बिचारी. खोली आपल्या ताब्यात.

१३ सप्टेंबर
पेंडीची पोती बाहेर काढली. वाकळा धुतल्या. खिडकी सोडून सगळीकडे चुना मारला. कंबर गेली. दाजी दारात उभं राहून म्हणे, "संगमेश्वर, वरच्या अंगाला एक पट्टा ऱ्हायला बघ." समोर विज्ञान चाललंय आणि ह्या माणसाला पट्टा दिसतो. पट्टा मारला, वाद नको म्हणून.

१५ सप्टेंबर
मोबाइलचं स्टँड आणायला निघालो. बसस्टँडवर किल्लारीची जीप लागली होती, ड्रायव्हर ओळखीचा निघाला. बसलो. किल्लारीत काही काम नव्हतं, पण दिवस चांगला गेला. स्टँड राहिलं. विटेला टेकवू, तसं बी स्टँड लागतं हौशी लोकांना.
मॅडमचा फोन. अळी फुगली म्हणजे आता कोणत्याही पहाटे विणेल, झोपू नकोस.

१६ सप्टेंबर
अक्का म्हणे, "फरशीवर बसून पहारा देतो व्हय? माळ्यावरची मोठी बाज काढ, नवी दोरी लाव." एवढी मोठी मला एकट्याला कशाला, म्हणालो. म्हणे, "तू घट्ट विण. मधी झोळ पडला न्हाई पायजे."
बहिणीची माया. दिवसभर विणली. हाताला फोड आले. पण काय ताण बसलाय! दोन माणसं नाचली तरी दबणार नाही.

१७ सप्टेंबर, सकाळ
बाज गरजेपेक्षा चांगली झाली. जरा पाठ टेकली, आणि उठलो तर अंगावर ऊन. खिडकीतलं चाकासारखं जाळं गायब. त्याच्या जागी मोजकेच, जाड, ताणलेले दोरे. मधोमध अळी. कोळ्याचं नुसतं फोलपट खाली पडलेलं. मोबाइल विटेला टेकलेला, चार्जिंग संपून बंद.
चूक कोळ्याची. एक दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण तो थांबणारा नव्हताच, दुसऱ्याच्या तालावर नाचणारा.

१९ सप्टेंबर
मॅडमना फोटो पाठवला. उत्तर आलं, असे फोटो ढीगभर आहेत, विणतानाचा व्हिडिओ हवा होता, आता भागवत नावाच्या पोराला घेतलंय. शिकलेल्या लोकांना दम नसतो.
नवीन प्लॅन. पुढच्या पावसाळ्यापर्यंत इथंच मुक्काम, आणि ह्या खोलीत स्वतःचं संशोधन केंद्र. खोली तयार, बाज तयार. अक्काला हळूच सांगू. दाजींना विचारायची गरज नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना
अक्कानं सकाळीच माझ्या बाजेवर नवी चादर टाकली. म्हणे, "संग्या, खिडकीतलं बी तेवढं झाडून घे." झाडणार नाही म्हणालो, तर तिनंच एका फटक्यात झाडलं. दाजींनी दुकानाची किल्ली माझ्या खिशात घातली. म्हणे, "पोत्यावर झोप लई ब्येस लागती. पाठ धरत न्हाई." मला कशाला सांगून राहिले ते कळलं नाही. पेंडीचा माणूस, पेंडीवरच बोलणार.
दारात टेम्पोचा हॉर्न. अक्का आरतीचं ताट घेऊन पळाली. पडदा सारून बघितलं. लोखंडी कपाट उतरून राहिलं. मागं मिक्सरचा खोका. दाजींचा धाकटा भाऊ राजशेखर आलाय. लातूर सोडून, कायमचा. नव्या बायकोला घेऊन.