पिस्टनचा तिसरा सेट

टेमघर, भिवंडी
९ फेब्रुवारी २०२५

चि. मनालीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू प्रश्न विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस, म्हणून. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, शेजारचे लूम खडखडतात, तुळस मात्र यंदा छान फोफावली आहे.

आता इंजिनाचं. बाबा गेल्यापासून टेम्पो दारात उभाच होता. तो भंगारात घाल आणि पुण्याला ये, असं तू म्हणालीस. मी म्हटलं, आधी इंजिन करून घेते, मग येते. कोन गावच्या गॅरेजवाल्या इमादने गाडी ओढून नेली आणि इंजिन उघडलं. सिलिंडर झिजलेले निघाले, म्हणजे बोर मारून, आतून कातून, एक साइज मोठे पिस्टन घालायला हवेत. पिस्टनला जोडणारा एक कनेक्टिंग रॉडही वाकलेला होता. "सरळ करून चालवू," इमाद म्हणाला. मी साफ नाही म्हटलं. चारही रॉड नवे हवेत आणि वजनाला सारखे, नाहीतर इंजिन थरथरतं. बाबा ते वाण्याच्या काट्यावर तोलून घ्यायचे. मीही रॉडची पिशवी उचलून निजामपुऱ्यात गेले. वाण्याने साखर बाजूला सारून रॉड तोलले, गिऱ्हाइकं माझ्या तोंडाकडे बघत राहिली!

मग पिस्टन. पहिला सेट मी परत केला, दुसराही केला. तिसऱ्याला इमादने हातच जोडले. "मावशी, पिस्टन हाय, नवरा मुलगा न्हाय! और कितना देखोगी? बैठो, चाय पिओ."

मी बसले. मला तेच तर हवं होतं गं. माल मिळत नाही, असं तुला सांगत होते ते खोटं. पहिलाच सेट चांगला होता. पण तो घेतला असता तर काम संपलं असतं आणि रोज जायला जागा उरली नसती. घरी दिवसभर मला कोणी हाक मारत नाही. मी फार एकटी पडले आहे, मनाली. फोनवर तुझ्यामागे जावईबापूंचा आवाज आला की हे बोलवत नाही.

काल पिस्टन, रॉड सगळं बसलं. इमादने गाडी सुरू केली, जराही थरथर नाही. तो खाली उतरला, मी हौसेने चढले आणि सवयीने डावीकडे माझ्या जागी जाऊन बसले. बसूनच राहिले.

"मावशी, चलायेगा कौन?" इमाद म्हणाला.

तेव्हा मला रडू कोसळलं. बाबा गेले तेव्हा पाहुण्यांच्या गराड्यात रडायचं राहून गेलं होतं.

इमाद ड्रायव्हर बघून देतो म्हणतो. बाबांच्या जागेवर मला परका माणूस नको. मी पुण्याला येईन, पण याच गाडीतून. बाबांनी तुला चालवायला शिकवलंय, तेव्हा न्यायला तूच ये, आणि एकटीच ये. नव्या पिस्टनांना सुरुवातीला दामटायचं नसतं. गाडी हळू चालवावी लागेल, पुण्याला पोचायला वेळ लागेल. मला तुझ्याशी खूप बोलायचं आहे.

डबा बांधून तयार बसलेली,
तुझी आई