चिकट भात, कूट आणि मामाची अट

ता. ७ जानेवारी

ती. मामास,
ठकूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुझं बोलणं आम्हाला कळत नाही म्हणून रागावून तू पत्रांवर आलास, ते एका अर्थी बरंच झालं. तुझे दात जागेवर नसले तरी अक्षरं जागच्या जागी आहेत. पण जेवणाबद्दलची तुझी ती एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. सकाळी चहात बुडवून पाव, दुपारी डाळीचं पाणी आणि संध्याकाळी भूक नाही, याला जेवण म्हणत नाहीत. आई सांगत होती की मामी गेल्यापासून तुझा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसतो.

मी दिवसभर करते काय, तर दातांच्या डॉक्टरांकडून आलेल्या साच्यांवरून कवळ्या बनवते. अर्ध्या शहराला दात पुरवते आणि माझा सख्खा मामा हिरड्यांनी पाव चघळतो. लोक हसतील मला. म्हणून म्हणते, दोन महिने माझ्याकडे येऊन राहा, तोंड माझ्या ताब्यात दे. त्यावर तुझी अट काय, तर तुमच्या शहरात चावण्यासारखं काही मिळतच नाही, ईशान्य थायलंडचं खरं जेवण शोधून दाखव, मग येतो. खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी. ठीक आहे, अट मान्य.

रविवारी लगेच सुरुवात केली. स्टेशनासमोर एक मोठं थाई हॉटेल आहे, दारात माशांची काचेची टाकी आणि खुर्च्यांवर मखमल. रस्सा आला तो नारळाच्या दुधाचा, चवीला थेट खीर. हा कुठल्या प्रांतातला म्हणून वेटरला विचारलं, तर तो म्हणाला की थायलंडमधला. किती गुण देतोस?

लोभ असू दे, आणि गुण देताना हात थोडा सैल सोड.

तुझी ठकू


ता. १५ जानेवारी

चि. ठकूस अनेक उ. आ.

शून्य.

अगं, तिकडच्या साखर कारखान्यात मी आठ वर्षं फिटर होतो. दिवसभर साखर केसांत, कानांत, बुटांत. त्यामुळे ताटातली साखर मला मैलभरावरून कळते. आमच्या ईशान्येकडे रश्श्यात नारळाचं दूध घालत नाहीत. तुझ्या मखमली हॉटेलात पाहुण्यांना खूश करायचं जेवण मिळतं, त्याला प्रांत नसतो.

आता नीट वाच. लाप म्हणजे बारीक खिमा केलेली कोंबडी, त्यात लिंबू, सुक्या मिरचीची भुकटी, कांदा आणि पुदिना. सोबत चिकट भात, बांबूच्या टोपलीत वाफवलेला. त्याचा बोटांनी छोटा गोळा करायचा आणि त्यानेच लाप उचलायचं. कच्च्या कोबीची फोड आणि चवळीच्या शेंगा न मागता ताटाशेजारी आल्या पाहिजेत. रश्श्यात शेपू हवा. हो, तोच शेपू, जो तू लहानपणी ताटाखाली लपवायचीस. आणि मुख्य म्हणजे लापवर भाजलेल्या शेंगदाण्यांचं मऊ कूट. ते नसेल तर बाकी सगळं असून फुकट. तुझी मामी हे सगळं तिथल्या आमच्या घरमालकिणीकडून शिकली आणि परत आल्यावरही दर रविवारी करत राहिली.

तिकडे गेल्या गेल्या पहिल्याच महिन्यात जेवताना खडा लागला आणि दाढेचा टवका उडाला, तेवढं सोडलं तर त्या जेवणाने मला कधी त्रास दिला नाही.

शर्टाचं मनावर घेऊ नकोस, शिंप्याने मुळातच सैल शिवले होते. माया आहेच, पण परीक्षेत ती चालत नाही.

मामा


ता. ५ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मध्ये आणखी दोन ठिकाणं झाली, ती तुला कळवलीही नाहीत. एकात चिकट भात म्हणून गिचका भात दिला आणि दुसऱ्यात लाप मागितल्यावर नूडल्स आले. शेवटी मला पत्ता दिला तो एका कवळीने.

झालं असं, की मी बनवलेली एक कवळी डॉक्टरांकडून परत आली. सोबतच्या चिठ्ठीत पेशंटची तक्रार होती, की चिकट भात खाताना वरची कवळी भाताबरोबर बाहेर येते. एरवी काम परत आलं की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी मी स्टुलावरून उठून उभीच राहिले. या शहरात रोज चिकट भात खाणारं कोणीतरी आहे, आणि त्याचा जबडा माझ्या टेबलावर आहे. डॉक्टरांनी पेशंटला विचारून मला पत्ता दिला.

बाई तुझ्याच वयाच्या आहेत, तुझ्या त्या ईशान्य थायलंडमधल्या. टायरच्या दुकानावर त्यांची खानावळ आहे. खाली पाटी नाही, रबराचा वास ओलांडून लोखंडी जिन्याने वर जायचं. जेवायला येतात त्या बहुतेक पलीकडच्या लॉन्ड्रीत काम करणाऱ्या, त्यांच्याच गावाकडच्या बायका. मी कवळी नव्याने करून स्वतः घेऊन गेले. त्यांनी ती बसवली, भाताचा मोठा गोळा तोंडात टाकला, चावला आणि डोळे मिटून बसल्या. कवळी हलली नाही. मग मला खुर्चीत दाबून बसवलं आणि वाढायला लागल्या.

मामा, कोबीची फोड न मागता आली. शेंगा आल्या. बांबूची टोपली आली. रश्श्यात शेपू होता आणि मी तो खाल्ला, वर आणखी मागितला. लाप इतकं झणझणीत, की माझे कान गरम झाले. साखर औषधालाही नाही. फक्त शेंगदाण्याचं कूट नव्हतं, त्याऐवजी तपकिरी, कुरकुरीत असं काहीतरी भुरभुरलं होतं. एवढं चालवून घेशील ना? गादी उन्हात घातली आहे.

उत्तराची वाट बघते. लोभ आहे तसाच असो.

ठकू


ता. १२ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक उ. आ.

कवळीची गोष्ट वाचून एकटाच मोठ्याने हसलो. शेपूपाशी आलो तेव्हा तोंडाला पाणी सुटलं. घरात काही नव्हतं, म्हणून चहा करून घेतला.

पण नापास. मामा नाकाने कांदे सोलतो म्हणशील, म्हण. लापवर कुरकुरीत कसलं? कूट म्हणजे कूट, जिभेवर विरघळलं पाहिजे. त्या बाईंचं गाव सीमेपलीकडचं असेल, नाहीतर शेंगदाणे परवडत नसतील. विचार त्यांना.

तुला खरं सांगतो. मला नुसतं थाई जेवण नको आहे, ठकू. हिच्या हातचं हवं आहे. ते मिळणार नाही एवढी अक्कल मला आहे. पण कुठेतरी त्याच्या जवळपासचं मिळालं तर हात जेवणाकडे जाईल असं वाटतं. तोवर पाव बरा आहे.

रागावू नकोस. आशीर्वाद नेहमीचेच, थोडे जास्त.

मामा


ता. २० फेब्रुवारी

चि. ठकूस,
आईचे अनेक उ. आ.

मामाच्या कुटाबद्दल विचारल्यावर खानावळीच्या बाई पोट धरून हसल्या, त्यांच्या गावाच्या चहूबाजूंना लापवर शेंगदाणे कोणी घालत नाही, असं तू लिहिलंस. मीही हसले, आणि मग रडले. बाईंचं बरोबर आहे. हे मला वहिनीने एकदा दोघी भाजी निवडत बसलो असताना सांगितलं होतं.

तिकडे लापवर भाजलेल्या तांदळाची भरड घालतात. पहिल्याच महिन्यात ती भरड मामाच्या किडक्या दाढेखाली आली आणि टवका उडाला. खडा, खडा म्हणत त्याने घरमालकिणीच्या तांदळाला नावं ठेवली. दातांच्या डॉक्टरची त्याला लहानपणापासून धास्ती, एकदा तर तोंडात कापूस घेऊन दवाखान्यातून पळून आला होता. हा काही डॉक्टरकडे जाणार नाही, आणि खरं सांगितलं तर लापाला पुन्हा हात लावणार नाही, हे वहिनीने ओळखलं. पुढच्या रविवारी तिने त्याच्यासाठी शेंगदाणे कुटले आणि इकडे असंच करतात म्हणून वाढलं. जन्मभर ताकास तूर लागू दिली नाही. त्याच्या ताटात कूट, स्वतःच्या ताटात भरड. बाहेर तो कधी जेवायचा नाही, कारखान्यातही डबा तिचाच.

सांगायचं की नाही ते तू ठरव. मला एकच भीती वाटते. इतकी वर्षं आपल्याला फसवलं असं त्याच्या मनाने घेतलं, तर तो आहे तो पावही सोडेल.

जपून लिही. तू तिकडे वेळेवर जेवतेस ना?

आई


ता. १ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

सोबत आईचं पत्र पाठवते आहे. आधी ते वाच, बसून वाच, मग माझं.

वाचलंस? आता ऐक. तुला खोटं सांगून बोलावणं अगदी सोपं होतं. बाई म्हणाल्याच, की घालते शेंगदाणे, माझं काय जातं. पण मामीने केलं ती माया होती, मी केलं असतं तर ती नुसती चलाखी झाली असती. म्हणून लिहिलं. लिहून दोनदा फाडलंही.

तू जे लाप म्हणून मला शोधायला लावलंस, ते कुठल्याच शहरात नाही. त्यांच्या प्रांतातही नाही. ते मामीने एकट्या तुझ्यासाठी काढलं होतं. तेव्हा मी हरले, अट तू जिंकलास. आता अट नाही, नुसतं मागणं आहे. चणे आहेत तर दात नाहीत असं आपल्याकडे म्हणतात. चणे मी शोधले आहेत आणि दात करणं हा माझा धंदा आहे. तू फक्त तोंड घेऊन ये.

रागावला असशील तर इथे येऊन रागव. लोभ कमी करू नकोस.

तुझीच ठकू


ता. १९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ठकूच्या घरून लिहितो आहे. आल्यापासून तुला पत्र नाही, कारण आधी राग उतरायचा होता आणि मग तोंड दुखत होतं.

राग हिच्यावर, म्हणजे तुझ्या वहिनीवर आला होता. समोर असती तर कडाकडा भांडलो असतो. नाही, म्हणून दोन दिवस स्वयंपाकघरात एकतर्फी भांडण केलं. खलबत्त्याकडे बघून बोलत होतो. मग लक्षात आलं, की मी ज्या माणसाशी भांडतोय तिने दर रविवारी माझ्यासाठी वेगळं कुटलं आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. तेव्हा पिशवी भरली.

तुझी लेक कामात भारी कडक आहे. तिच्या डॉक्टरांनी तोंडात ते थंडगार गोळ्यासारखं साचा घ्यायचं द्रव्य कोंबलं तेव्हा मी दाराकडे बघितलं, तर दारात ठकू उभी. कवळी आली तेव्हा आठवडाभर माझ्या प्रत्येक वाक्यात शिट्टी वाजायची. ठकूने कानस घेऊन तीनदा घासली, आता शिट्टी गेली. फोनवर बोलायला हरकत नाही असं ती म्हणते, पण मला पत्रच बरं वाटतं.

काल तिने त्या खानावळीत नेलं. त्या बाईंची आणि माझी भाषा आता अर्धीमुर्धीच जुळते, पण भांडण्यापुरती पुरली. त्यांनी दोन ताटल्या आणल्या, एकीवर माझं कूट, दुसरीवर भरड. कूटवालं आधी खाल्लं. जवळपास तेच निघालं. डोळ्यांत पाणी आलं ते मी मिरचीवर ढकललं. मग दुसरी ताटली ओढली.

ताई, ही जेवायला बसली की तिच्या तोंडातून कुरकुर आवाज यायचा. मी म्हणायचो घरात उंदीर झालाय, आणि ती हसत हसत खात राहायची. कशाचा आवाज, हे मी कधी विचारलं नाही. काल पहिला घास चावला आणि तोच आवाज माझ्या स्वतःच्या कानांत ऐकू आला. इतकी वर्षं ती समोर बसून काय खात होती ते मला काल कळलं. मी थांबलो, तशी ठकू घाबरली आणि कवळी टोचतेय का विचारायला लागली. मी मान हलवून नाही म्हटलं, दुसरा घास घेतला आणि टोपली रिकामी होईपर्यंत वर बघितलं नाही.

घराची किल्ली शेजाऱ्यांकडे आहे, कुंड्यांना ते पाणी घालतील. पावसाळ्यापर्यंत काही मी परतत नाही. तुझा लोभ मी गृहीतच धरत आलो, तसाच पुढेही धरतो. काळजी सोड आता. मी जेवतोय.

तुझा धाकटा